रोको म्हटल्यावर

मी मूळची चिंचवडची. सातव्या वर्षी मला छातीचं दुखणं झालं, टीबीच तो, नऊ महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले, उजव्या फुप्फुसावर कापसाच्या बोंडाएवढा डाग तेवढा राहिला. पुढे मी एक्स-रे टेक्निशियनच झाले, बघा कसं असतं ते. लग्न होऊन माधवबरोबर दुबईला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरनं माझी फिल्म उजेडाला धरली, पुराना है, खलास, म्हणाला आणि सही केली. तेव्हा एवढं कडक नव्हतं.

मग मीच दुबईतल्या देरा भागात, व्हिसासाठी मेडिकल तपासणी करणाऱ्या एका सेंटरला लागले, बायकांच्या बाजूला. काय सांगू तुम्हाला त्या खोलीचं, एसीचा गारवा, निळसर उजेड, लांबून खाडीवरच्या गलबतांचे भोंगे, आणि एकेक बाई आत यायची, फिलिपिन्सची, नेपाळची, केरळची, एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवायची, मी काचेमागून म्हणायची सांस लो, रोको, आणि तिच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा, काचेमागे काम करणाऱ्या आम्हा सगळ्याच जणींना ती सवय. ते दोन सेकंद पाण्याखाली असल्यासारखे जायचे, सगळं हळू, सगळं लांब. मग छोड़ो. कुणाच्या छातीवर डाग दिसला की मला कळायचं, ही आता परत जाणार, पण सांगायची परवानगी नव्हती. यल्ला, म्हणजे चला, नेक्स्ट, एवढंच.

दोन हजार आठच्या मंदीनंतर बांधकामांवरच्या क्रेन थांबल्या त्या थांबल्याच. माधवची कंपनी बंद पडली, त्याला हमरिया फ्री झोनमध्ये काम मिळालं, पण स्पॉन्सर बदलला म्हणजे आम्हा सगळ्यांचे व्हिसा नवे, माझं मेडिकलही नवं. त्यातच कुजबुज, नवा कायदा येतोय म्हणे, जुना असो नवा असो, डाग म्हणजे परत. माझ्याबरोबर काम करणारी हैदराबादची सबिहा म्हणाली, दीदी, मेरी छाती शीशे जैसी साफ है, तुम्हारी जगह मैं खड़ी हो जाती हूँ, कौन देखता है. मी तीन दिवस विचार केला हं, खोटं कशाला सांगू. मुलगी मृण्मयी अकरा वर्षांची होती, तिला सोडून जायचं म्हणजे. पण सारखी एक नेपाळची पोर आठवायची, डाग होता तिला, आणि जाताना मला थँक्यू मॅडम म्हणाली होती. तिच्या जागी कोण उभं राहिलं होतं?

मी स्वतः उभी राहिले. पाटी गार लागली. काचेमागून सबिहा म्हणाली रोको, आणि पुढे बोललीच नाही. छोड़ो म्हणायचं विसरली. मला तेव्हाच कळलं, परत जायचा कागद नंतर आला.

विमानतळावर मृण्मयी माझ्या डागाबद्दल म्हणाली, इट्स जस्ट अ क्लाउड, मम्मा.

माधव तिची शाळा संपवून परत आला, ती मात्र कॉलेज करून पुन्हा तिकडेच गेली, दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिसला नोकरी करते. आता कुणी म्हणतं नियम सैल झालेत, कुणी म्हणतं पाहुण्यांनासुद्धा विमानतळावरच तपासायचा कायदा येतोय. मी विचारायचं सोडलंय. व्हिसा रिन्यू करायचा असला की मृण्मयीचं मेडिकल असतं, त्या सकाळी मी ओट्याशी नुसती उभी असते, दूध उतू गेलं तरी कळत नाही, क्लिअर, मम्मा, असा मेसेज आला की मग कुठे श्वास सुटतो.

तिथे आज जी कुणी काचेमागे असेल, तिचं भलं होवो. तिनं फक्त छोड़ो म्हणायला विसरू नये.