काशिनाथची मूठ

(सुरत, गोडादरा, १९९४चा श्रावण. खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात. आई मोजतेय, मुलगा योगराज नुकताच कॉलेजातून आलाय.)

मालतीबाई : …ही आजोबांची, ही भटूकाकाची, ही तुझ्या पप्पांची, ही तुझी. झाल्या चार.

योगराज : आणि पाचवी?

मालतीबाई : पाचवा कोण रे बाबा? मला न सांगता लगीन करून पोरगं झालं की काय तुला?

योगराज : काशिनाथकाका.

मालतीबाई : हळू बोल, मेल्या! कोणी सांगितलं हे नाव?

योगराज : कॉलेजात. मराठीच्या पेपरला कामगार कवी लावलेत. सरांनी आज एक कविता वाचली. त्यात माणूस विचारतो, माझ्या नावाचे गहू यंदा कोणाच्या पोटात गेले? खाली छापलंय, काशिनाथ हिलाल. हिलाल म्हणजे आपले आजोबा, अन् गावही आपलंच.

मालतीबाई : अगं माय! कानबाईचं छापलं त्यानं?

योगराज : पुढचं ऐक. काका बारडोलीला उसाचा ट्रक चालवणाऱ्या एकाबरोबर राहतो, त्याच्यासाठी भाकरी थापतो, त्याला माझा माणूस म्हणतो. बिनधास्त! वर्गातले छोकरे फिदीफिदी हसले. मी नाही हसलो. असं कोणी लिहू शकतं, मला खबरच नव्हती.

मालतीबाई : चांगला होता रे तो. मी नवी नवरी, घरात कोणी बोलायचं नाही माझ्याशी. हा चहा करून द्यायचा. हे कळलं तेव्हा तुझ्या पप्पांनी लूमच्या पट्ट्यानं झोडपून घराबाहेर काढला त्याला.

योगराज : आणि तू?

मालतीबाई : दोन वर्षं गुपचूप टाकली त्याची मूठ. तिसऱ्या वर्षी पप्पांनी पाहिलं. कानबाईचं पीठ, सगळं मोरीत ओतलं. तू पोटात होतास. मग मी भ्याले.

योगराज : अन् मग एकोणीस वर्षं त्याची मूठच नाही?

मालतीबाई : हो, एकोणीस वर्षं! त्यातच तुला शिकवलं ना? आता तू मला शिकवू नको.

योगराज : मग माझी पण मूठ त्यातून बाहेर काढ.

मालतीबाई : काय म्हणस?

योगराज : मी काकासारखाच आहे, माय. पोरीशी लगीन नाही होणार माझ्याच्यानं. कोणाला तरी सांगायचं होतं. तुला सांगितलं. शिव्या तरी दे.

मालतीबाई : कोणत्या तोंडानं देऊ? पोटचा गोळा तू. अन् हेच व्हायचं होतं माझ्या घरात!

योगराज : काढ मग.

मालतीबाई : मिसळले गहू. आता तुझे कोणते, कुठं निवडत बसू? जा, चक्की बंद होईल, दळून आण. अन् ते पुस्तक घरात आणू नको.

योगराज : आणि पुढच्या वर्षी?

मालतीबाई : पुढच्या वर्षी तुझ्या पप्पांना तोंडावर विचारीन, मुठी चार घेऊ की पाच.