हवालदारांची बाटली

आपला सलीम, तासगावचा बेदाणेवाला, लय आळशी गडी. तरी एकदा त्याला गडावर नेलाच.

पायथ्याच्या चौकीवर लष्करातले रिटायर हवालदार शिंदेकाका. वर नेलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ते मोजतात आणि तेवढ्याच खाली आणायला लावतात. आम्ही नेल्या चार, आणल्या तीन.

"चौथी कुठाय?"

"आवं काका, वर ऱ्हायली," सलीम म्हणाला.

"मग जावा की वर!"

सलीम पुन्हा अख्खा गड चढला. तासाभरानं घामानं निथळत आला आणि पाण्याच्या टाक्यापाशी पडलेली एक बाटली त्यानं टेबलावर आपटली. काकांनी ती उलटी केली. बुडावर, पलटणीतल्या सवयीनं, पांढऱ्या रंगात त्यांचंच नाव!

काका खुर्चीतून उठलेच.

सलीम त्यांच्या खुर्चीत बसत म्हणाला, "आता आमची आणायला तुमी जावा. चौकी आमी बघतो."