बावीसची रिव्हॉल्व्हर

उधन्याहून लिंबायतला जाणाऱ्या बसमध्ये मनीषाच्या पुढच्या सीटवर वॉचमनच्या वर्दीतला एक मामा भाचीवर तापला होता. त्यांचं बोलणं ऐकायला मनीषानं हातातला मोबाइल कधीच पर्समध्ये टाकला होता.

"नेमबाजीच्या क्लबात बत्तीसची रिव्हॉल्व्हर होती ना? मग स्पर्धेत बावीसची कशाला धरली, किरण?"

"बत्तीसचा धक्का बसतो, मामा. मनगट उडतं. दुसऱ्या गोळीला नेम परत शोधत बसायचं."

"धक्का बसणारच, बंदूक आहे ती. माझी बारा बोरची खांदा हलवून टाकते."

"कधी हलवला?"

"मार्केटच्या गेटवर चोरच येत नाही, त्याला मी काय करू?"

"मम्मी लूमवर तुटलेला धागा जोडते, तेव्हा जोर लावते का?"

"आईला मधी आणू नको. गावाकडं मी काय सांगू? पोरगी चिमण्या मारायच्या छऱ्यानं खेळू राहिली?"

"सांगा, पहिली आली."

"पहिली? पोलिसातली पोरं होती ना?"

"होती. बत्तीस घेऊन."

"मग मेडल कुठंय?"

"डब्याच्या पिशवीत."

"डब्याच्या पिशवीत ठेवतात का? आण इकडं."

तेवढ्यात मामाला गावाकडून फोन आला. मेडल वर्दीला पुसत त्यानं तो उचलला आणि ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला.

"हां काशिनाथ, पहिली आली ना. नाही रे, बत्तीस नाही, बावीस. मोठ्या गोळीनं मनगट उडतं, तुला काय कळणार त्यातलं. मीच सांगितलं होतं तिला, बारीक घे."