साहेबांच्या कोटाची शिवण

...बसा हो, बसा, साहेबांची गाडी कुठे पळून जात नाही. दोन बटणं राहिलीत फक्त. रविवारी दुकान उघडायला लावलंत तर एवढं थांबा — नाही, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही बिचारे ड्रायव्हर, तुमचा तरी रविवार कुठे तुमचा? माझा रविवार म्हणजे काय, तर जेवायचं, आडवं व्हायचं आणि पंख्याकडे बघायचं. बायको म्हणते, याला आराम नाही म्हणत, याला लोळणं म्हणतात. तिचं काय जातंय, तिला हल्ली लोकांच्या भल्यातून सवड कुठे आहे?

राजकारण? छे, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्याला माणसाची कंबर कळते. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा काडीसारखे होते — वर्षभरात कोट घेऊन परत, म्हणे कापड आटलं. कापड कसलं आटतंय, जनतेची सेवा अंगी लागली. तेव्हापासून मी त्यांच्या कोटाला कडेच्या शिवणीत चार बोटं जादा कापड दुमडून ठेवतो. निवडून आले की उसवायचं, सैल करायचं. पुढच्या कोटाला पुन्हा तेच. निकाल लागायच्या आधी माझ्या शिवणीला कळलेला असतो, बघा.

हो, ऐकलं असेलच तुम्ही. उभी आहे, साहेबांच्याच विरोधात — आमची ही. घरात मीठ संपलं तर सांगायला विसरते, आणि अर्ज भरून मोकळी. कारण काय, तर गल्लीतल्या उघड्या गटारावर झाकण टाका, असं सांगायला गेली होती. साहेब म्हणाले, वहिनी, तुम्ही स्वयंपाक बघा, गटाराचं आम्ही बघतो. झालं, तिथेच ठिणगी पडली. आज कोपऱ्यावर तिची सभा आहे. आज म्हणजे — आत्ताच. खुर्च्या भाड्याने आणल्यात, हौसेला मोल नसतं. सकाळी मला म्हणाली, "तुम्ही बोलू नका, टाळ्या वाजवू नका. नुसते एका खुर्चीवर येऊन बसा." म्हटलं, कसा येऊ, साहेबांचा कोट आहे, विजयाच्या मिरवणुकीत घालायचाय त्यांना. खुर्च्या पुसायला एक फडकं घेतलं आणि गेली.

नाही हो, लाज कसली? बायको भाषण करते म्हणून लाजायला मी काय नवी नवरी आहे? रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत, एवढंच. तिने घसा खरवडून बोलायचं आणि समोर कोण, तर एक कुत्रं आणि आमच्या सासूबाई — त्यांनाही ऐकू येत नाही. त्यापेक्षा इथे बरं, सुईदोऱ्याशी. तसा हा कोट काल दुपारीच झाला होता. ही बटणं मीच — ठेवली आजच्यासाठी.

झाली बटणं, हा बघा कोट. आत काय चाचपताय? द्या इकडे. जादा कापड ना? नाही ठेवलं. कापड कमी पडलं म्हणा — नाही, पुरून उरलंय, हे काय, टेबलाखाली पट्ट्या पडल्यात. खडूची रेघ ओढताना हात चार बोटं आतून गेला. दिसलं मला. पुसता आली असती. नाही पुसली, कात्री घेतली आणि कापलं. इतकी वर्षं कोण फुगणार ते मी आधीच ठरवून शिवत आलो, आणि तोंडाने म्हणत आलो, आपला राजकारणाशी संबंध नाही.

सांगा साहेबांना, खुशाल सांगा. दुसरा शिंपी बघा म्हणावं. फक्त चुकून झालं असं सांगू नका. घ्या कोट, घडी मोडू नका. उठा आता, ते स्टूल आत घ्यायचंय, शटर ओढायचंय. आणि सोडू का, असं तर विचारूच नका — त्या गाडीतून उतरलो तर ती मला मंडपात पाय ठेवू देणार नाही. चालत जातो. निघा तुम्ही.