आधी तांब्याभर पाणी

मंडळी, बातमी सांगणाऱ्याचं काम संपतं कुठे? ओठांपाशी? की ऐकणाऱ्याच्या काळजापाशी? मागून पेटीवाले मामा म्हणतात, "बुवा, जाहिरातीपाशी!" हसा, हसा. आणि ऐका!

कुमुद खांडबहाले. गावच्या पोस्टमनची लेक. अठरा वर्षं टीव्हीवर दुपारच्या बातम्या वाचते. आपल्याला वाटतं, बाई आपल्याकडे बघतेय. छे हो! तिच्यापुढे काच असते. काचेवर अक्षरं खालून वर सरकतात — तळ्यातल्या बुडबुड्यांसारखी. खोलीला खिडकी नाही. गार हवा, पांढरा उजेड. ती वाचते की तरंगते, तिचं तिलाच कळत नाही. भूकंप असो, लग्न असो — आवाज तोच. रेशमी! त्या आवाजावरच सोमवारपासून तिला संध्याकाळी सातच्या बातम्या मिळायच्या होत्या. अठरा वर्षांची आस!

शनिवारी धरणात नाव उलटली. मृतांची यादी आली. कानातल्या यंत्रात संपादक ओरडले, "वाच कुमुद! बाकीच्या चॅनेलांच्या आधी!"

वाचली. एक नाव. दुसरं. तिसरं. चौथं — "संपत निवृत्ती आहेर." रेशमी!

ओठ पाचव्यावर गेले — आणि काचेत अंगण दिसलं, मंडळी! संपतच्या आईचं, गोदाकाकूंचं. काकूंना वाचता येत नाही. आप्पा पोस्टमन पत्र उघडतात. आधी मनात वाचतात. मग हळूच — "कुमे, पाणी आण." परकरातली कुमुद तांब्या आणते. काकू पितात. "वाईट आहे का हो, आप्पा?" तेव्हा कुठे आप्पा तोंड उघडतात.

आणि आज? त्याच काकू टीव्हीपुढे. एकट्या. पाणी कोण देणार?

अक्षरं वर चालली. कुमुद थांबली.

कानात पुन्हा संपादक, "अगं वाच! नाहीतर सातच्या बातम्या विसर!"

अठरा वर्षांत पहिल्यांदा तिनं काचेपलीकडे पाहिलं. म्हणाली, "आज ज्यांची माणसं धरणावर गेली, त्यांच्याजवळ कुणीतरी जा. आधी पाणी द्या. मी थांबते."

थांबली! टीव्हीवरची शांतता — ऐकलीत कधी?

मग नावं वाचली. सावकाश. पाचव्यापासून नाही — पहिल्यापासून.

सोमवारी सातला दुसरीच मुलगी बसली. बुधवारी काकूंचा फोन आला.

"कुमे, पहिल्यांदा वाचलंस तेव्हा मी एकटी होते गं."

गेलेलं नाव परत तोंडात घेता येतं का?

"दुसऱ्यांदा शेजारची सून आली होती. धावत. तांब्या घेऊन."

एवढंच. फोन ठेवला.

आता खिशातल्या मोबाइलला हात लावा, मंडळी. एक बोट टेकवता, आणि चाळीस घरांत बातमी! आधी स्वतः वाचता? तिकडे कोण एकटं आहे, विचारता? —

वाजला बघा कुणाचा तरी! मामा, तुमचाच. घ्या, घ्या, घरचा दिसतोय.

...मामा?

अहो मृदंगवाले, तो तांब्या तिकडे सरकवा. आधी.