निळ्या काठाची थाळी

(त्रिनिदाद बेटावरचं कुवा गाव. उंच खांबांवर उभं घर. खांबांमधल्या सावलीत दोन खुर्च्या, एक झोळी. दुपार.)

दुलारी : वर चल म्हणते ना! घराखाली कुत्री बसतात, फारिस, पाहुणे नाही.

फारिस : इथंच बरं आहे. वारा आहे. आणि घराखाली बसायची सवय आहे मला.

दुलारी : सवय! राजधानीत पाच-पाच मजली दुकानं, आणि म्हणे घराखाली बसायची सवय. पाऊणशे वर्षांचा झालास, आता तरी खरं बोल. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं सांग.

फारिस : गुडघेही दुखतात.

दुलारी : ड्रायव्हर कुठाय तुझा?

फारिस : नाही आणला. मीच चालवत आलो.

दुलारी : अग्गोबाई! म्हणजे घरी न सांगता. रविवारी तुमची सगळी मंडळी येणार, माझ्या नातीला मागणी घालायला. आणि मुलाचा आजा गुरुवारीच एकटा, गाडी आंब्याआड लावून. बोल, काय काम काढलंस?

फारिस : आधी पाणी तरी विचार.

दुलारी : अंजनीला आज इस्पितळाची सुट्टी आहे. तुझी गाडी बघितल्यापासून स्वयंपाकघरात नाचतेय. आणेल काहीतरी. ती खाली यायच्या आत बोलून घे.

फारिस : मॅडम, गोष्ट अशी आहे की...

दुलारी : झालं! मॅडम आली. तुझा बाप इथं गाठोडं सोडून बसायचा ना, तेव्हा भाव चढवायचा असला की माझ्या आईला मॅडम म्हणायचा. आई म्हणायची, आज कापड नको ग बाई, आज मी मॅडम झालेय.

फारिस : तुमच्याकडून नकार यावा. रविवारच्या आत.

दुलारी : काय म्हणालास?

फारिस : मी नाही म्हटलं तर अदीब घर सोडेल. एकच नातू आहे मला. पण मुलीच्याच घरून नकार आला, तर कोणाशी भांडणार? चार महिने तोंड पाडून हिंडेल. मग त्याची आजी आमच्यातली एखादी दाखवेल.

दुलारी : वा रे वा. विंचू तुझ्या घरातला, आणि मारायचा माझ्या हातानं.

फारिस : दोन्ही घरांची अब्रू राहील.

दुलारी : माझी कुठे चाललीय? पोरीत खोट काय आहे ते सांग.

फारिस : खोट नाही. डॉक्टर आहे, दिसायला चांगली आहे. अदीबपेक्षा हुशार आहे, ते तर आंधळ्यालाही दिसेल. त्यानं दुकानापलीकडे काही पाहिलेलं नाही.

दुलारी : मग?

फारिस : आमच्यात आपसातच करतात, तुला ठाऊक आहे. या बेटावर मूठभर अरब आम्ही. मूठ उघडली की संपलं.

दुलारी : मूठभर खरी, पण मुठीत काय काय आहे ते सांग की! मोठ्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमच्या पाट्या. सिमेंट तुमचं, मोटारी तुमच्या, पडद्याचं कापड तुमचं, पडदा टांगायची सळईसुद्धा तुमची. आम्ही हिंदुस्थानी देशात सगळ्यांत जास्त. डॉक्टर आमचे, वकील आमचे, मास्तर आमचे, पार वरच्या खुर्चीपर्यंत जाऊन आले आमचे. आणि डॉक्टर झालेलं पोर दवाखाना काढायला गाळा शोधतं, तेव्हा तो सापडतो तुमच्याच इमारतीत. आम्हाला मतं मिळतात, फारिस. तुम्हाला कंत्राटं.

फारिस : त्याला मी काय करू? आमच्यात चार भावांचं एक दुकान असलं तर चौघं मिळून दुसरं काढतात. तुमच्यात दोन भावांना चार एकर मिळाले की दोन वकील लागतात. तुझा नवरा आणि तुझा दीर एका बांधावरून किती वर्षं भांडले?

दुलारी : मरेपर्यंत. आणि तो बांध आता वकिलाच्या जावयाच्या नावावर आहे.

फारिस : तेच म्हणतो मी. माझा बाप बोटीतून उतरला तेव्हा काय होतं त्याच्याकडे? एक गाठोडं. भाषा नाही, ओळख नाही. उसाच्या मळ्यातल्या बराकी दारोदार पालथ्या घातल्या त्यानं, पाठीमागे कुत्री. तुमच्याकडे निदान जमीन होती.

दुलारी : थांब. ती जमीन कशी मिळाली तेही ऐक. परत हिंदुस्थानात जायचा हक्क सोडला माझ्या आज्यानं, तेव्हा ती मिळाली. त्याआधी पाच वर्षं ऊस तोडला. त्या पाच वर्षांत मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर गोऱ्या साहेबाची चिठ्ठी लागायची. चिठ्ठी नसली की तुरुंग. तुझ्या बापाच्या पाठीवर ओझं होतं, कबूल. पण पाय त्याचे स्वतःचे होते. एका गावात माल खपला नाही तर दुसऱ्या गावाला जायचा. शर्यत तुम्ही जिंकलीत, नाही म्हणत नाही मी. आमचा एक पाय खुंटाला बांधलेला होता, एवढं तरी पोरांना सांगत जा.

फारिस : तो पाय सुटून शंभर वर्षं होत आली.

दुलारी : हो ना. पण लंगडायची सवय लागते. माझ्या लेकाचं, राजपालचंच बघ. शिकला-सवरला, आणि सगळा जन्म तुझ्या पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवला. कुठल्या दुकानात कुठलं कापड पडून आहे ते तुझ्याआधी त्याला ठाऊक. आणि मॅनेजर कोण झाला? तुझा भाचा, तुमच्या मुलखातून नुकताच आलेला. दारावरच्या इंग्रजी पाटीत आपलं नाव कुठलं, तेही दुसऱ्याला विचारायचा.

फारिस : घरचा होता तो.

दुलारी : तेच तर. राजपाल कामाचा होता. तो घरचा होता.

फारिस : घरचा आणि बाहेरचा, हे तू मला शिकवू नकोस. या घराखाली बसून तर मुळीच नको.

दुलारी : का? काय वाईट केलं आम्ही तुमचं? कापड घेतलं, उन्हाचं सावलीत बसवलं, जेवू घातलं...

फारिस : कशात?

दुलारी : कशात म्हणजे?

फारिस : जेवू घातलंत ते कशात? पत्र्याची पांढरी थाळी होती एक, निळ्या काठाची. काठाला भोक पाडलेलं. त्या कोपऱ्यातल्या खांबाला खिळा होता, त्याला अडकवलेली असायची. तुम्ही सगळे वर, केळीच्या पानावर. आम्ही बापलेक इथं खाली, दोघांत ती एक थाळी. जेवण झालं की बाप स्वतः धुवायचा. पिंपाला हात लावायचा नाही. तुझी आई वरून पाणी ओतायची, तो हात लांब करून थाळी धरायचा. आणि मग परत खिळ्याला.

दुलारी : तुला हे आठवतंय?

फारिस : मी बापाला विचारलं, आपल्यालाच का धुवायला लागते? तो म्हणाला, ही मानाची थाळी आहे. आपल्याशिवाय कोणी हिच्यात जेवत नाही. दोन वर्षं मी शाळेत ऐट मारत होतो, की कुवाला एका घरी आमची मानाची थाळी आहे. मग एक दिवस कळलं.

दुलारी : तुमच्याकडे गाय खातात रे. आईला चालायचं नाही.

फारिस : तुझ्या घरात कुठे खात होतो? तुझ्या घरात भोपळाच खात होतो.

दुलारी : उपाशी तर नाही ना पाठवलं कधी?

फारिस : नाही. म्हणून तर राग धड काढताही येत नाही.

दुलारी : आणि तुझ्या बंगल्यात काय झालं? राजपाल नोकरीतून सुटला तेव्हा समारंभ केलास. मी नवी साडी नेसून आले, राणीसारखी. आम्हाला टेबल कुठे? पोहायच्या तलावामागे, ड्रायव्हरांच्या शेजारी. तुमच्या बायकांपुढे चांदीचे काटे-चमचे, आमच्यापुढे कागदाच्या प्लेटी.

फारिस : गर्दी होती त्या दिवशी.

दुलारी : नाही, कागदाचीच बरी. धुवायला नको, खिळा नको. फेकली की काम झालं. तुम्ही आमच्यापुढे गेलात ना, त्यातही गेलात.

अंजनी : जिद्दो! अहो, खाली काय बसलात? आजी, तू यांना वर का नाही आणलंस?

दुलारी : मी कधीची सांगतेय. सवय आहे म्हणतो.

अंजनी : अदीबनं सांगितलं, आजोबांना जिद्दो म्हणायचं. चालेल ना?

फारिस : चालेल, बेटी.

अंजनी : डाळपुरी आहे, भोपळा, चणे-बटाटा. आंब्याचं लोणचं आजीचं आहे, तेव्हा जपून. तिच्या जिभेइतकंच तिखट. आणि ही प्लेट बघा! रविवारसाठी आणल्यात, खोकंभर. पहिली तुमच्यासाठी काढली. ओळखा कुठून घेतल्या?

फारिस : कुठून?

अंजनी : तुमच्याच दुकानातून! थोडं कमी करा म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, सूट फक्त मालकाच्या नातेवाइकांना. म्हटलं थांब बाई, दोन महिने थांब!

दुलारी : माझं ताट कुठाय?

अंजनी : हे काय, तुझं नेहमीचं स्टीलचं. काचेची फक्त जिद्दोंना.

फारिस : फक्त मला?

अंजनी : मग! मान आहे तुमचा. ती प्लेट आम्ही घरात कोणी वापरायची नाही, असं ठरवलंय मी. आणि तुमचे गुडघे मला दाखवायचे हं, अदीब सांगत होता. रविवारी हवं तर तुमची खुर्ची इथंच खाली मांडू, जिन्याचा त्रास नको. अय्या, फोन वाजतोय. त्याचाच असणार. सांगू त्याला तुम्ही इथं आहात म्हणून?

फारिस : नको. आज नको सांगूस.

अंजनी : गुपित? बरं! मी वर जाते, जेवा सावकाश.

दुलारी : असा बघत काय राहिलास? जेव.

फारिस : ऐकलंस ना? मानाची थाळी.

दुलारी : पोर आहे ती. तिला काय ठाऊक तुझ्या खिळ्याचं? तिनं मनापासून मान दिला तुला.

फारिस : कळलं मला. म्हणूनच घास उतरत नाही.

दुलारी : पोर बघितलीस.

फारिस : बघितली. चांगली आहे.

दुलारी : मग?

फारिस : मग काही नाही. घरात बहिणी आहेत माझ्या, सुना आहेत. जेवताना ती समोर बसलेली असेल आणि या अरबीत बोलतील. तिच्या रंगावर, तिच्या आईबापावर, राजपाल आमच्याकडे नोकर होता त्यावर. आणि हसतील. ती आपली उगीच त्यांच्याबरोबर हसेल.

दुलारी : आणि तू? तू काय करशील?

फारिस : मला ऐकू येत नाही असं दाखवीन.

दुलारी : एवढं तरी खरं बोललास.

फारिस : मी फुकट मागत नाही. चौकातल्या इमारतीत तळमजला मोकळा आहे. तिचा स्वतःचा दवाखाना होईल. भाडं नको.

दुलारी : अगदी बापावर गेलास. तोही कापड विकून झालं की वर दोन बटणं द्यायचा. नको. रोज सकाळी कुलूप उघडताना वर तुमचं नाव वाचायचं तिनं? आणि ऐक, आता सांगतेच. तू आला नसतास तरी मी नकारच देणार होते.

फारिस : काय?

दुलारी : कालच पंडितजींना निरोप धाडला. म्हटलं, पंचांग उघडा आणि जबरदस्त असा एक दोष काढून ठेवा. माझी नात तुमच्या चुलीवर गाय शिजवणार? माझी आई वरून पाणी ओतणारी होती, फारिस. मी तिचीच लेक आहे.

फारिस : मग मघापासून माझ्याशी भांडत का होतीस?

दुलारी : कारण ते 'नाही' माझं होतं. आमच्याकडची एवढी एकच वस्तू अशी होती, की जी तुमच्या दुकानात मिळत नव्हती. तीही घेऊन जायला आलास. आता मी नाही म्हटलं तरी ते तुझंच 'नाही'.

फारिस : पण म्हणशील ना?

दुलारी : म्हणेन. शनिवारी. पत्रिका जमत नाही म्हणेन.

फारिस : अदीबला पत्रिकाच नाही.

दुलारी : पंडितजी करून देतील. आणि तुझा तळमजला ठेव तुझ्यापाशी. तीन पिढ्या आम्ही तुम्हाला रोख मोजत आलो. एकदा आमच्याकडून फुकट ने.

फारिस : रडेल ती.

दुलारी : रडेल की. माझ्या नावानं रडेल, तुझ्या नाही. तेच हवं होतं ना तुला? तुला जन्मभर जिद्दोच म्हणेल ती.

अंजनी : (वरून) जिद्दो, आणखी एक पुरी आणू?

फारिस : नको बेटी! पोट भरलं!

दुलारी : आता कुठे निघालास ती प्लेट घेऊन? ठेव खाली. अंजनी धुईल... अरे, नळाशी कशाला जातोस?

फारिस : हात जातो आपोआप.

दुलारी : फारिस, ठेव म्हणते ना.

फारिस : झाली धुऊन. खिळा अजून आहे की इथं. गंजलाय.

दुलारी : वरचं लाकडी घर पाडून सिमेंटचं केलं. खांब तेच ठेवले.

फारिस : हिला भोक नाही. खिळ्याला लागायची नाही ही. कुठे ठेवू?

दुलारी : ठेव तिथं खुर्चीवर. मी भरीन खोक्यात. बाकीच्या अजून कागदातच आहेत.