मागे कोण उभं राहणार

व्हर्लिन : आता कॉटनवुडच्या झाडांनी काय घोडं मारलंय तुझं?

नोरीन : जूनमध्ये त्यांचा कापूस उडतो. नाकातोंडात जातो.

व्हर्लिन : तेहतीस वर्षं जातोय. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात याच सॅमन नदीवर आपला राहायचा ट्रेलर लावला होता आपण. कापूस बघून म्हणालीस, जूनमध्ये बर्फ पडतोय बघ.

नोरीन : तेव्हा मी काहीही बोलायचे.

व्हर्लिन : बरं. विलो बेंड नको, कापूस. ट्राउट लँडिंग?

नोरीन : डास.

व्हर्लिन : ओल्ड फेरी?

नोरीन : साप निघतात तिथे.

व्हर्लिन : गेल्या वर्षी तिथल्याच सापाची गोष्ट तू शेजारणीला कौतुकाने सांगत होतीस. नोरीन, नदीकाठी ट्रेलर लावायला आरव्ही पार्क आहेत तीन. तिन्ही तू बाद केलेस. मग तुला हवाय तरी कुठला?

नोरीन : हायवेवरचा. पेट्रोल पंपामागचा. तिथल्या जागा आरपार आहेत. इकडून ट्रेलर आत घालायचा, तिकडून बाहेर काढायचा. रिव्हर्स घ्यायची भानगडच नाही.

व्हर्लिन : आणि नदी?

नोरीन : आहे की. रस्त्यापलीकडे.

व्हर्लिन : रस्त्यापलीकडे ट्रक धुतात. नदी त्याच्याही पलीकडे. अख्खा हिवाळा मी एकाच गोष्टीवर काढलाय, पहाटे दारातच खुर्ची टाकायची आणि पाण्यात गळ सोडायचा. आता ट्रकवाल्यांच्या पाण्यात सोडू? तुझं काय चाललंय ते मला खरंच कळत नाही.

नोरीन : कळण्यासारखं काही नाही त्यात. फोन वाजतोय, घे.

(व्हर्लिन फोन उचलून स्पीकर लावतो.)

टॅमी : विलो बेंड पार्कमधून टॅमी बोलतेय. सकाळी तुम्ही विचारलंत ना? नदीकाठची एक जागा रिकामी झालीय. सात नंबर, अगदी पाण्याला लागून. पण मोंटानाचं एक कुटुंब माझ्यासमोरच उभं आहे, त्यांनाही तीच हवीय. तुमचा फोन आधी आला होता, म्हणून विचारते.

व्हर्लिन : घेतली.

नोरीन : थांबा. रिव्हर्समध्ये घालावी लागते ना?

टॅमी : काठावरच्या सगळ्या तशाच. सातला शेवटी जरा जपून, उतार आहे. मागे कुणी उभं राहून हात दाखवला की झालं.

नोरीन : मग नको. त्यांना देऊन टाका.

व्हर्लिन : टॅमी, दोन मिनिटं द्या हो.

टॅमी : द्या म्हणजे काय, घ्या. फोन चालूच ठेवा, मी यांना कॉफी देते तोवर.

व्हर्लिन : आत्ता कळलं. त्या खांबामुळे ना? सप्टेंबरात रिव्हर्स घेताना दिव्याच्या खांबाला ट्रेलरचा कोपरा घासला, तेव्हापासून तुझा माझ्यावरचा विश्वास उडालाय. सरळ म्हण की, म्हातारा झालास. कापूस काय, डास काय.

नोरीन : तुझी चूक नव्हती ती.

व्हर्लिन : मग काय, खांब चालत आला?

नोरीन : मला तो दिसलाच नाही. मी त्याच्याकडेच बघत होते, व्हर्लिन. जिथे बघावं, नेमकं तिथलंच पुसल्यासारखं होतं. कडेचं दिसतं सगळं. झाडं दिसली, तुझा आरसा दिसला. मधला खांब नाही.

व्हर्लिन : डॉक्टर?

नोरीन : डोळ्यांत इंजेक्शनं देतायत. आहे ते टिकेल म्हणतात. गेलं ते गेलं.

व्हर्लिन : म्हणून किराणा आणायला मला धाडतेस. हॉटेलात गेलो की मेन्यू मला वाचायला लावतेस. मला वाटलं, या वयात तुझं प्रेम उतू चाललंय.

नोरीन : सांगितलं असतं तर तू ट्रेलर विकला असतास. मला घरात बसवून सूप पाजत राहिला असतास. मागे उभं राहून हात दाखवणं हे माझं काम आहे. तेवढं एकच. आणि मी ये म्हणाले आणि तू गेलास नदीत, तर? भीती वाटते रे.

व्हर्लिन : तुझे हात मी कधी बघितलेच नाहीत.

नोरीन : म्हणजे?

व्हर्लिन : तू डावा हात हलवतेस तो डावीकडे ये म्हणून की डावीकडे जाऊ नको म्हणून, हे मला लग्नापासून कळलेलं नाही. आधी विचारायची लाज वाटली, मग फार उशीर झाला.

नोरीन : मी पवनचक्कीसारखे हात फिरवत होते, आणि तू बघत काय होतास?

व्हर्लिन : तू कुठे उभी आहेस ते. आरशात तू दिसलीस की तुझ्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. बास.

नोरीन : मग खांब तुला तरी कसा दिसला नाही?

व्हर्लिन : तो तुझ्या बाजूला होता ना. मी तुझ्याकडे बघत होतो.

टॅमी : अहो, मी काही ऐकलं नाही हं. पण खांब बघायला मी येऊन उभी राहीन. सातला एकच आहे, आणि मला चांगला दिसतो.

व्हर्लिन : ऐकलंस? खांब टॅमी बघेल. तू तुझं ते पिवळं जाकीट घाल आणि नुसती उभी राहा.

नोरीन : हात नको हलवू?

व्हर्लिन : हलव की. सवय झालीय मला.

टॅमी : मग मोंटानावाल्यांना काय सांगू?

नोरीन : त्यांना त्या पेट्रोल पंपामागच्या पार्कचा पत्ता द्या. आणि टॅमी, तुमच्याकडे कापूस उडायला लागला का?

टॅमी : अजून नाही. तुम्ही याल तेव्हा अगदी भरात असेल. त्रास होतो का त्याचा?

नोरीन : नाही हो. तो काही एका जागी थांबत नाही. कडेला आला की दिसेल मला.